बॉल कुठून निघाला ते बघणारे साहेब

सन दोन हजार तेवीस. मी तेव्हा बासष्ट वर्षांचा. बहरीनला येऊन छत्तीस वर्षं झाली होती आणि वेल्डिंगमधलं मला कोणी काही शिकवावं असं उरलं नव्हतं. हे मी आजही म्हणतो. पण आमचे साहेब म्हणून जे प्रकरण होतं ते मला अजून पुरतं उलगडलेलं नाही, म्हणून लिहायला बसलो. माझं शिक्षण चौथी, म्हसळ्याच्या मराठी शाळेत. चुकलं माकलं तर वाचणाऱ्याने समजून घ्यावं. नाही घेतलं तरी माझं काही अडत नाही.

साहेब म्हणजे आमच्या सलमाबादच्या वर्कशॉपला येणारे वेल्डिंग इन्स्पेक्टर. पुण्याचे. आम्ही पाइपांचे जोड लावायचे आणि त्यांनी ते तपासायचे, असा आमचा संबंध. अंगाने वाळकी शेंग. ऑगस्टच्या उन्हातसुद्धा पांढऱ्या शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. खिशात बॅटरी, भिंग आणि दाताच्या डॉक्टरकडे असतो तसा दांडीचा छोटा आरसा. तो आरसा पाइपच्या मागची बाजू बघायला असतो. पण साहेब तो कुठेही काढायचे. जिदहफ्सच्या बाजारात मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, कलिंगडांच्या ढिगात आरसा घालून ते खालच्या कलिंगडाचं बूड न्याहाळत होते. भाजीवाला म्हातारा वैतागला. म्हणाला, "यल्ला साहेब, कलिंगड लेना है या शादी करना है?"

साहेब मान वर न करता मला म्हणाले, "उस्ताद, ह्याला सांगा, लग्नाच्या वेळी एवढं बघितलं नव्हतं, म्हणूनच आता बघतोय."

मला ते उस्ताद म्हणायचे. पहिल्या दिवसापासून. कारण मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

त्यांची एक मोठी खोड होती. कशाचंही मत ते त्याच दिवशी द्यायचे नाहीत. जोड लावून झाला, आम्ही घाम पुसत उभे, साहेब बॅटरी मारून बघणार, भिंग लावून बघणार आणि म्हणणार, "गार होऊ दे." दुसऱ्या दिवशी येऊन परत बघणार, मग बोलणार. जाड लोखंडात काही तडे जोड गार झाल्यावर उमटतात, हे खरं आहे. मला ते त्यांच्याआधीपासून माहीत आहे. पण साहेबांनी तो कायदा सगळ्या दुनियेला लावला होता. माझी बायको दोन महिने इकडे आली होती तेव्हा ईदला त्यांना जेवायला बोलावलं. दोन ताटं बिर्याणी खाल्ली. बायकोने पडद्याआडून मला खुणावलं, विचारा कशी झालीय. मी विचारलं. साहेब हात धुऊन निघून गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. "वहिनींना सांगा, मीठ बरोबर होतं. बटाटा जरा जास्त शिजला होता." बायको म्हणाली, "ह्यांच्या घरवालीला जन्नत नक्की."

आणि एखादी गोष्ट फारच आवडली तर म्हणायचे, "हरकत नाही." ह्याच्या वर त्यांच्याकडे शब्द नव्हता. आमच्याकडे बारा वेल्डर होते, आणि साहेबांच्या तोंडून एक 'हरकत नाही' ऐकायला त्यांच्यातले काही जण सुट्टी पुढे ढकलायचे.

आता त्यांचं आणि माझं भांडण सांगतो, मी फोरमन व्हायच्या आधीचं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माझ्या हाताने लावलेला एक जोड त्यांनी गार झाल्यावर बघितला आणि म्हणाले, "कापा."

मी म्हटलं, "साहेब, हा हात तीस वर्षं हेच करतोय."

"मी हाताचं नाही बोलत. जोडाचं बोलतोय."

कापला. बाराच्या बारा जण काम टाकून गोळा झाले. साहेब कापलेल्या तोंडावर भिंग धरून अर्धा तास बसले. मी छातीवर हात बांधून उभा. शेवटी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "उस्ताद, मी चुकलो. जोडात काही नव्हतं." एवढ्यावर थांबले नाहीत. रजिस्टरमध्ये तसं लिहिलं, खाली सही केली. छत्तीस वर्षांत इन्स्पेक्टर खूप बघितले. चुकलो म्हणून सही करणारा हा एकच. मला आनंद झाला आणि रागही आला, कारण कापलेला जोड परत मलाच लावायला लागला. दोन दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. पण त्या दिवसापासून ह्या माणसाचा शब्द माझ्यापुरता शेवटचा झाला.

म्हणून समीरचं प्रकरण आलं तेव्हा मला तेच आठवले.

समीर माझा भाचा. बहीण तरुणपणीच विधवा झाली, पोर माझ्याच अंगाखांद्यावर वाढलं. विसाव्या वर्षी मी त्याला व्हिसा काढून इकडे आणला आणि आर्गन गॅसचं वेल्डिंग शिकवलं. आर्गनला हात स्थिर लागतो. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे, हे मी त्याला कधी सांगितलं नाही, इथे पहिल्यांदा लिहितोय. दोन वर्षं गुणाने राहिला, आणि मग त्याला फुटबॉलचं खूळ लागलं. आपला पायाने मारायचा फुटबॉल नव्हे, अमेरिकन लोकांचा, हाताने फेकायचा. त्यातलाही सौम्य प्रकार. पाच इकडे, पाच तिकडे, कमरेला कापडी पट्ट्या लटकवायच्या, आणि बॉल घेऊन पळणाऱ्याची पट्टी कोणी ओढली की तो तिथेच थांबला. बॉल म्हणजे पपई. आणि समीर त्यात क्वार्टरबॅक. हा मागे उभा राहतो, बॉल ह्याच्या हातात येतो, आणि सात सेकंदांत ह्याने तो आपल्या पळणाऱ्या माणसाकडे फेकायचा. बॉल पोचला तर पकडणाऱ्याचं नाव. नाही पोचला तर शिव्या ह्याला.

समीरचा तो पहिलाच सीझन होता. नोव्हेंबरमध्ये रात्रीच्या जेवणाला तो मला म्हणाला, "मामू, दुबईच्या एका स्पोर्ट्स सेंटरवाल्यांनी आमच्या कोचकडे विचारलंय. सीझन चांगला गेला तर मला नोकरी देतील. मुलांना शिकवायचं आणि त्यांच्या टीममधून खेळायचं. दोन वर्षांचा व्हिसा."

"आणि दोन वर्षांनी?"

"बघू."

"बघू हा काही धंदा नाही. बोट मोडलं तर आर्गन कशाने धरशील? दाताने?"

"मामू, तुम्ही एकदा येऊन बघा तरी."

"मला वेळ नाही."

बहिणीला फोन केला तर ती म्हणाली, "भावा, तू म्हणशील तसं." म्हणजे सगळं माझ्या डोक्यावर. तेव्हा मी एक युक्ती काढली. समीरला म्हटलं, "साहेब सीझनभर तुला बघतील. ते नाही म्हणाले तर ही पपई घरात दिसता कामा नये."

"आणि हो म्हणाले तर?"

"तर मी अडवणार नाही. जबान."

माझ्या मनात पाप होतं, कबूल करतो. जो माणूस कलिंगड पास करत नाही तो पोराला काय पास करणार? पोर जाग्यावर राहील आणि नकार माझ्या तोंडून जाणार नाही.

साहेबांनी उत्तर अर्थातच दुसऱ्या दिवशी दिलं. "बघतो. पण मला हा खेळ येत नाही. आधी तो शिकायला लागेल." आणि शिकले. टीमचा कोच युसुफ, शाळेत पी.टी. शिकवणारा बहरीनी माणूस, बिचारा सरळ होता. साहेबांनी त्याला धरलं. बॉल पुढे न्यायला चारच प्रयत्न का? सातच सेकंद का? बॉल गोल का नाही? लांबट बॉल फिरला नाही तर काय होतं? तिसऱ्या शुक्रवारी युसुफने कपाळावर हात मारला. "बाबा, खलास! कल से तुम कोच, मैं बैठता!"

साहेबांकडे गाडी नव्हती आणि रिफाला गाडीशिवाय जाता येत नाही. म्हणून दर शुक्रवारी जुम्म्याची नमाज आणि जेवण आटोपून मी पिकअप घेऊन बाब अल बहरीनजवळ त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी उभा राहायचो. ते घडीचं स्टूल आणि वही घेऊन यायचे. रिफाला मैदानाबाहेर मी गाडी मैदानाकडे पाठ करून लावायचो आणि ए.सी. चालू ठेवून आत बसायचो. मी मॅच बघायला आलो नव्हतो. मी साहेबांना सोडायला आलो होतो. ह्यात फरक आहे.

पण पिकअपला आरसा असतो. त्यात मैदान थोडं आणि साहेब पुरते दिसायचे. स्टुलावर ताठ, बटणं गळ्यापर्यंत. गंमत अशी की बॉल हवेत गेला, सगळी माणसं माना वळवून त्याच्यामागे ओरडतायत, आणि साहेब मात्र जिथून बॉल सुटला तिथेच बघतायत. रिकाम्या जागेवर. दोन शुक्रवार मी गप्प बसलो. तिसऱ्या शुक्रवारी परत येताना राहवलं नाही.

"साहेब, बॉल एवढा लांब गेला, तुम्ही मान तरी वळवलीत का?"

"बॉल कुठे गेला ते सगळेच बघतात, उस्ताद. मी तो कुठून निघाला ते बघतो. पाय कुठे होते, खांदा कुठे होता." मग माझ्याकडे वळले. "पण तुम्ही तर मॅच बघत नाही ना?"

"नाहीच बघत. आरशात दिसतं त्याला मी काय करू?"

पायांचं खूळ त्यांनी वर्कशॉपमध्येही आणलं. लोखंडातले बारीक तडे दिसावेत म्हणून तपासणीला एक पांढरी पावडर असते. शिफ्ट संपल्यावर साहेबांनी ती सिमेंटच्या फरशीवर पसरली, समीरला मध्ये उभं केलं आणि भिंतीकडे बॉल फेकायला लावला. पन्नास वेळा. मग दोघं गुडघ्यांवर बसून बुटांचे ठसे बघत होते. आमचा एक बंगाली फिटर माझ्या कानात म्हणाला, "साहब चोर ढूंढ रहा है क्या?" मी म्हटलं, आपलं काम कर. पण तो गेल्यावर मीही जाऊन ठसे बघितले. डावा पाय दर वेळी वेगळीकडे पडला होता. डिसेंबरच्या शेवटी परत पावडर टाकली तेव्हा ठशांवर ठसे बसले होते. साहेबांनी ते वहीत टिपलं.

आठव्या शुक्रवारी मी गाडीतून उतरलो. ए.सी. बिघडला असं तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ए.सी. ठणठणीत होता. मला बघायचं होतं, एवढंच. कुंपणाच्या जाळीपाशी गेलो, छातीवर हात बांधून उभा राहिलो. ओरडलो नाही, काही नाही. समीरने मला बघितलं. पहिला बॉल त्याने सरळ समोरच्या टीमच्या हातात दिला. दुसरा जमिनीवर. तिसरा परत समोरच्यांच्या हातात. त्याच्या टीममधला एक फिलिपिनो पोरगा त्याला विचारत होता, काय झालं, आणि हा बूट बांधल्यासारखं करत खाली बघत होता. मॅच हरले. वाईट हरले.

परतताना मी म्हटलं, "बघितलंत ना साहेब, तुमच्याच डोळ्यांनी."

"बघितलं."

"मग?"

"गार होऊ दे."

पण मी एक गोष्ट टिपली होती. त्या दिवशी त्यांनी वहीत अक्षरही लिहिलं नव्हतं. पेन खिशातच. एवढा वाईट खेळ आणि इन्स्पेक्टर काही लिहीत नाही? इतर दिवशी पानंच्या पानं भरायचे. हे मला सीझन संपेपर्यंत टोचत राहिलं. विचारायला मी गेलो नाही.

रमजानच्या आधीच्या शुक्रवारी सीझन संपला. शेवटची मॅच जिंकले, पण फायनल त्यांच्या नशिबात नव्हती. दुबईवाल्यांना दोन आठवड्यांत उत्तर हवं होतं. मी साहेबांना फोन केला तर म्हणाले, "गार होतंय." चार दिवसांनी परत केला. "अजून कोमट आहे." समीरने तर घरात बोलणंच सोडलं होतं. पहाटे सहरीला समोरासमोर बसायचो, दोन माणसं, एक ताट.

दहाव्या दिवशी दुपारी त्यांनी मला खोलीवर बोलावलं. बाब अल बहरीनच्या मागच्या गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर. मला रोजा होता म्हणून टेबलावरचा पाण्याचा तांब्या त्यांनी आधीच आत नेऊन ठेवला होता. वही उघडली, चष्मा लावला आणि वाचायला लागले.

"दंडातलं बळ मध्यम. लांबचा बॉल ह्याला कधीच भारी जमणार नाही. नजर पहिल्या माणसावर चिकटते, तो मोकळा नसला तरी त्यालाच फेकतो. सात सेकंदांतली तीन वापरतो, चार फुकट जातात."

मी म्हटलं, "म्हणजे नापास."

"वाचून होऊ द्या. पाय. नोव्हेंबरमध्ये भलतीकडे, डिसेंबरअखेर जागेवर. एवढ्या लवकर पाय सुधारलेले मी तरी बघितले नाहीत. चूक झाल्यावर हात आखडत नाही, पुढचा बॉल तेवढ्याच जोराने फेकतो. आणि ज्याच्याकडे बॉल पोचला नाही त्याच्याकडे जाऊन चूक कुणाची ते सांगतो. बहुतेक वेळा स्वतःची."

"आणि आठव्या मॅचचं पान कोरं का?" मी विचारलंच.

साहेबांनी चष्मा काढला. "ती मॅच मी धरली नाही. त्या दिवशी त्याचे पाय मैदानाकडे नव्हतेच. कुंपणाकडे होते. तुम्ही उभे होता तिकडे." वही मिटून ठेवली. "वारा सुटलेला असताना आर्गनचा जोड लावला आणि गॅस उडून त्यात भोकं पडली, तर मी वेल्डरला फेल करतो का? आधी ताडपत्री बांधा म्हणतो."

मी उठलो. "साहेब, मी त्याला वाढवलंय."

"म्हणून तर."

मला दरवाज्यापर्यंत जाऊन परत यायला लागलं. राग होता, पण जबान दिली होती. "हो की नाही, तेवढं सांगा."

"पहिला सीझन म्हणजे जोडातला पहिला थर, उस्ताद. सगळ्यात आतला. त्याच्यावरून पाइप किती वर्षं टिकेल ते कोणी सांगू नये. मोठा खेळाडू होईल? मला नाही वाटत. शिकवणारा चांगला होईल? वाटतं. त्यात मी चुकू शकतो, ते तुमच्याइतकं कोणाला माहीत नाही. पण पुढचा थर चढवायला हा लायक आहे. जाऊ द्या त्याला."

खाली गल्लीत उतरलो तेव्हा दुकानदार इफ्तारीचे खजूर मांडत होते. दोन वेळा चुकीच्या रस्त्याला वळलो. छत्तीस वर्षं ज्या सूकच्या बाजारात फिरतोय, तिथे.

घरी रोजा सोडल्यावर समीर माझ्याकडे बघतही नव्हता. मी म्हटलं, "साहेब हो म्हणाले." त्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. मग मी सगळं सांगितलं, दंडाचं, नजरेचं, चार सेकंदांचं. कुंपणाचं सांगायचं नाही असं गाडीत ठरवलं होतं. तेही सांगितलं.

त्याने बोटाने दस्तरखानावरचा चुरा गोळा केला. "साहेब बरोबर आहेत, मामू. तुम्ही दिसलात आणि मला बॉल दिसेनासा झाला." मग म्हणाला, "पण तुम्ही उतरलात ना गाडीतून. मला कोणी सांगितलं असतं तर खरं वाटलं नसतं."

"ए.सी. बिघडला होता."

"हो, मामू."

"मग काय ठरवलंस?"

"जातो."

मी उठून ताटं गोळा केली. बहिणीला फोन लावला, तिला म्हटलं, पोरगा दुबईला जातोय, चांगली नोकरी आहे. ती म्हणाली, तू बघितलंस ना, मग झालं. मी बघितलं नव्हतं, एकाच दिवशी बघितलं होतं, आणि तेही बिघडवून. पण तिला तेवढं सांगायची माझी हिंमत झाली नाही.

साहेब पुढच्या वर्षी व्हिसा संपवून कायमचे पुण्याला गेले. जाताना मी विचारलं, आमच्या वर्कशॉपबद्दल काय मत? म्हणाले, कळवतो. अजून कळवलेलं नाही.

आता त्या इफ्तारीनंतरच्या सकाळचं. सहरी करून, फजरची नमाज पढून मी वर्कशॉपला गेलो. आमचा केरळी मॅनेजर नुकताच दार उघडत होता. त्याला म्हटलं, "समीरचा कागद बना दो. ईद के बाद वो नहीं."

तो म्हणाला, "उस्ताद, आर्गन का काम कौन करेगा? आधा पाइप पड़ा है उसके टेबल पे."

फोरमन झाल्यापासून सहा वर्षं मी हातात वेल्डिंगची टॉर्च धरली नव्हती. चष्मा पुसला, समीरच्या स्टुलावर बसलो, गॅस सोडला आणि त्याने जिथे थांबवला होता तिथून जोड पुढे लावायला घेतला. पहिलं इंचभर वाकडं गेलं. ते घासून काढलं आणि परत लावलं.